सतरा सप्टेंबरच्या पुढं

शुक्रवार, १३ सप्टेंबर २०२४ : सोलापूर, नळदुर्ग, हिप्परगा, उमरगा

१९४८ ला फौज पहाटे चारला निघाली होती म्हणे, आम्ही साडेसातला निघालो, त्यात दोस्ताला सोलापुरातून शेंगाचटणी घेतल्याशिवाय गाडी पुढं न्यायचीच नव्हती. प्लॅन एकदम साधा. १३ ते १७ सप्टेंबरला आपलं सैन्य निजामाच्या राज्यात शिरलं, त्याच तारखांना मराठवाड्यातून गाडीनं फिरायचं, पण १७ ला झेंडा बघून घरी पळायचं नाही, १८ ला पण थांबायचं. कारण दरवर्षी मुक्तिसंग्राम दिनाला भाषणं आपण ऐकतोच, रझाकार (निजामाच्या बाजूचे सशस्त्र स्वयंसेवक), अत्याचार, सरदार पटेल, पोलीस अ‍ॅक्शन (म्हणजे हीच फौजेची चढाई) आणि मग टाळ्या, संपलं. अरे पण दुसऱ्या दिवशी सकाळी काय झालं? तहसील कुणी उघडली, सारा कुणाकडं भरायचा, शाळेत शिकवायचं कुठल्या भाषेत, जेलातून सुटून आलेला माणूस आणि त्याला पकडून देणारा एकाच गल्लीत कसे राहिले? हे कुणी सांगत नाही. मला तेवढंच बघायचं होतं.

दोस्त कामाचा माणूस आहे. कुवेतला बांधकामावर सुपरवायझर होता बरीच वर्षं, २००३ ला शेजारी इराकात जे झालं ते त्यानं जवळून ऐकलेलं-बघितलेलं, त्यामुळं त्याला या विषयात माझ्यापेक्षा जास्त मतं आहेत आणि तो ती गाडी चालवताना हात सोडून सांगतो.

नळदुर्ग यायच्या आधी चहाला थांबलो. टपरीवाल्याला विचारलं, इथं निजामाच्या टायमाला करोडगिरीचा नाका कुठं होता हो? तो म्हणला टोल पुढं लागतंय, फास्टॅग हाय नव्हं? म्हणजे तसं बघितलं तर त्यानं बरोबरच सांगितलं. करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. हैदराबाद संस्थानाचं सगळंच आपलं वेगळं होतं, पोस्टाची तिकिटं वेगळी, रेल्वे वेगळी, नोटा-नाणी वेगळी. निजामाचा रुपया तो हाली आणि इंग्रजांचा तो कलदार, सात हालीला सहा कलदार असा भाव. म्हणजे इंग्रजांच्या हद्दीतल्या बार्शीच्या बाजारात बैल विकून आलेला माणूस हद्दीत शिरला की पहिलं गणित करायचा. राज्य पाच दिवसांत पडलं पण हाली रुपया काही लगेच गेला नाही, १९५१ ला नवा काढायचा बंद झाला आणि जुना १९५९ पर्यंत लोकांच्या हातात फिरत राहिला. अकरा वर्षं! एका रुपयाला निरोप द्यायला अकरा वर्षं लागली, बाकीच्या गोष्टींचं काय घेऊन बसलात.

नळदुर्गला बोरी नदीवरचा पूल फौजेनं पहिल्याच सकाळी शाबूत ताब्यात घेतला, तिथंच अर्धं काम झालं होतं कारण सोलापूर-हैदराबाद रस्ता मोकळा झाला. किल्ला बघायला मात्र आजची गर्दी नर-मादी धबधब्याची. पाऊस चांगला झालाय त्यामुळं दोन्ही धबधबे पडत होते आणि पाणीमहालावर रिळं काढणारी पोरं. १६१३ चं काम आहे हे, दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या वेळचं. गाळ, पूर, लढाया, सगळं बघून उभं आहे.

तिथून लोहाऱ्याकडं वळून हिप्परग्याला गेलो. बाहेरच्या लोकांना हे गाव माहीत नसतं. १९२१ मध्ये इथं राष्ट्रीय शाळा काढली, आणि सोलापूर भागातल्या गिरणी कामगारांत काम केलेले व्यंकटेश खेडगीकर नावाचे मास्तर इथं मुख्याध्यापक म्हणून आले. पुढं संन्यास घेऊन तेच स्वामी रामानंद तीर्थ झाले, निजामाविरुद्धच्या लढ्याचे पुढारी. म्हणजे राज्य उलथायची तयारी कुठं झाली, तर एका खेड्यातल्या शाळेत, दप्तरं-पाट्यांमध्ये. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर आधी परवानगी, त्यासाठी 'गश्ती निशान ५३' नावाचं प्रसिद्ध सर्क्युलर होतं, मग लोकांनी शाळा काढल्या, वाचनालयं काढली, साहित्य परिषदा घेतल्या. दोस्त म्हणला, बघ, हे इराकमध्ये नव्हतं, तिथं सद्दामच्या पार्टीशिवाय काही शिल्लकच ठेवलं नव्हतं, तो गेल्यावर रांगेत उभं कुणाला करायचं हेच कुणाला कळेना. हे त्याचं मत मला पटलं, म्हणून लिहून ठेवलं.

रात्री उमरगा. फौज पण पहिल्या दिवशी उमरग्यापर्यंतच आली होती, फक्त त्यांना लॉजवाल्यानं आधार कार्डाची झेरॉक्स मागितली नसेल.

शनिवार, १४ सप्टेंबर : किल्लारी, औसा, लातूर

किल्लारीला थांबायचं ठरलं नव्हतं पण रस्त्यातच येतं. ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आमच्या पिढीनं बघितलेला आहे त्यामुळं पुनर्वसन म्हणलं की आमच्या डोळ्यासमोर हेच येतं, आखीव रस्ते, एकसारखी घरं, जुनं गाव तिकडं झाडीत मोडून पडलेलं. ५२ गावं नव्यानं वसवली. वर्ल्ड बँकेचा पैसा आला, देशभरातून संस्था आल्या, परदेशातून पण आल्या. आणि तरी आजही तिथला माणूस म्हणतो की घर मिळालं पण वाडा गेला, शेजार गेला. १९४८ ला तर असं काहीच आलं नव्हतं. वर्ल्ड बँक नाही, तंबू नाहीत, भरपाईचे फॉर्म नाहीत. नुसतं सरकार बदललं.

औशाला दोस्ताचे मामा. तलाठी म्हणून रिटायर झालेत, त्यांचे वडील आणि आजोबा निजामाकडचे पटवारी. मामांनी आधी जेवायला बसवलं, धपाटे, दही, शेंगाची चटणी (सोलापूरची नाही, घरची, त्यावरून दोस्ताला बोलणी बसली) आणि मग म्हणले, तुम्ही बी काय शोधत फिरलालाव? म्हणलं मामा, रझाकारी संपल्यावर गावात काय झालं ते सांगा.

"काय झालं म्हंजे? पंचनामा कराय कोनी आलं न्हाई बाबा. आमचे आबा पटवारी हुते ते पटवारीच ऱ्हायले. आदी साहेब यायचा त्येला अव्वल तालुकदार म्हनायचे, मग त्यालाच कलेक्टर म्हनू लागले. घोडा जाऊन जीप आली. सारा तेवढाच."

मग हळूहळू खुलले. खाली गावात पटवारी मोडीत लिहायचा, वर तहसिलीला गेलं की सगळं उर्दूत, साल पण फसली, म्हणजे १९४८ नाही तर १३५७ फसली. फेब्रुवारी १९४९ ला निजामाची स्वतःची खाजगी जहागीर, सर्फ-ए-खास, सरकारात जमा केली आणि १५ ऑगस्ट १९४९ ला बाकीच्या जहागिऱ्या रद्द झाल्या. संस्थानातली साधारण एक तृतीयांश जमीन अशी जहागिरदारांकडं होती. तिथल्या रयतेचा तोवर सरकारशी संबंधच नव्हता, सारा जहागिरदाराला, वेठ जहागिरदाराला, न्यायनिवाडा पण बऱ्याच ठिकाणी त्याच्याच दारात. मग १९५० चा हैदराबाद कूळकायदा. कागदावर बघितलं तर त्या काळच्या देशातल्या पुढारलेल्या कायद्यांपैकी एक, जो कसतो त्याला संरक्षित कूळ म्हणून नोंदवायचं, पुढं त्याला मालकी द्यायची.

"कायदा बेस हुता," मामा म्हणले, "पन कूळ म्हनून नाव लावायच्या आदीच मालकानं बोलवून घ्यायचं, चा पाजायचा आन अंगठा घ्यायचा, मी खुशीनं जमीन सोडतो म्हनून. राजीनामा म्हनायचे त्येला. माज्या नोकरीत असले राजीनामे पोत्यानं बघितले."

हा राजीनामा प्रकार लक्षात ठेवण्यासारखा आहे. कायदा एका बाजूनं आला आणि दुसऱ्या बाजूनं कुळं निघून गेली, स्वखुशीनं! १९५४-५५ ला खासरा पत्रक, म्हणजे कुठली जमीन कुणाची याची नोंद, झालं, आज मराठवाड्यात जमिनीची कुठलीही भानगड कोर्टात गेली की वकील पहिलं खासरा पत्रक काढायला सांगतो, म्हणजे त्या साली ज्याचं नाव लागलं त्याची नातवंडं आज प्लॉटिंग करतायत आणि ज्याचं राहिलं त्याची नातवंडं पुण्यात सिक्युरिटीला आहेत. ज्यांच्याकडं कूळ म्हणून सुद्धा जमीन नव्हती त्यांचं तर विचारायलाच नको. दलित भूमिहीनांनी १९५३ ला दादासाहेब गायकवाडांच्या पुढाकारानं मराठवाड्यात सत्याग्रह केला पडीक जमिनीसाठी, जेल भरले, आणि गायरानाचं भांडण आज पण गावोगाव चालूच आहे. मुक्ती एका तारखेला मिळाली असं आपण म्हणतो ते सगळ्यांसाठी खरं नाही, एवढं मामांच्या ओट्यावर बसून कळलं.

निघताना मामांनी जुन्या पेटीतून दोन कागदांची झेरॉक्स काढून दिली. तहसिलीची उर्दू नक्कल, त्यांच्याच गावची. एवढी वर्षं तलाठी होते पण त्यांना स्वतःला वाचता येत नाही. म्हणले औरंगाबादला चाललालाव तर कुणाकडून वाचून घ्या.

रात्री लातूर. निलंगा राइस खाऊन झोपलो. गणपतीचे डीजे बाराला बंद झाले, नियमाप्रमाणे.

रविवार, १५ सप्टेंबर : लातूर, अंबाजोगाई, मुक्काम नांदेड

गंजगोलाई सकाळी सकाळी बघावी, दुकानं उघडायच्या आत. मधोमध गोल इमारत, देवीचं मंदिर आणि चारी बाजूंनी सोळा रस्ते येऊन मिळतात. शहराची आखणी करणाऱ्यानं बाजारपेठ अशी बांधली की मालाची गाडी कुठूनही आली तरी मध्ये पोचणार. निजामाच्या काळचं काम आहे आणि उत्तम काम आहे, ते म्हणायला लाजायचं कारण नाही.

याच लातूरचा वकील कासीम रझवी. अलीगढला शिकून आलेला, इथं वकिली करायचा आणि इत्तेहाद-उल-मुसलमीन या संघटनेचा पुढारी होऊन रझाकारांचा सेनापती झाला. त्याच्या माणसांनी गावंच्या गावं लुटली, जाळली, माणसं मारली, हे आमच्याकडं घराघरात सांगतात, रझाकारीत आज्जी कशी ज्वारीच्या कणगीत लपली, आजोबा पोरांना घेऊन बार्शीकडच्या कॅम्पात कसे गेले. हे सगळं खरं आहे. माझ्या घरातलं आहे.

पण लातूरला उभं राहून पुढचं पण बोललं पाहिजे. १८ सप्टेंबरनंतर या भागात मुसलमानांवर जो सूड उगवला गेला त्याची चौकशी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवलं. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ते फिरले. त्यांचा रिपोर्ट म्हणतो की पोलीस अ‍ॅक्शनच्या काळात आणि नंतर संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत आणि सगळ्यात वाईट चार जिल्हे उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात. लातूरबद्दल लिहिलंय की इथं वीस दिवसांहून जास्त काळ हे चाललं, दहा हजाराच्या आसपास मुसलमान वस्ती होती त्यातले जेमतेम तीन हजार उरलेले दिसले, हजाराहून जास्त मारले गेलेले, बाकीचे पळून गेलेले. काही ठिकाणी जवान आणि पोलीस पण सामील होते असं त्यात आहे, आणि काही ठिकाणी लष्करानंच लोकांना वाचवलं, हिंदू शेजाऱ्यांनी जिवावर उदार होऊन वाचवलं, हे पण आहे. रिपोर्ट दाबून ठेवला गेला, २०१३ पर्यंत लोकांना नीट बघायला पण मिळाला नाही. आकड्यांवर वाद आहेत, होऊ द्या. पण घडलंच नाही असं म्हणायला जागा नाही.

गोलाईजवळ एका अत्तरवाल्या चाचांशी बोलत होतो, दुसऱ्या दिवशीच्या ईदसाठी हिरवे झेंडे लावणं चालू होतं आणि समोरच गणपतीचा मांडव. विचारावं की नाही असं झालं, दोस्तानं सरळ विचारलं. चाचा मराठीतच म्हणले, "माझे अब्बा दोन महिने एका वाण्याच्या माडीवर होते. खाली आले तवा दुकान होतं, आतला माल नव्हता. पुन्हा पहिला माल उधारीवर त्याच वाण्यानं दिला." मग म्हणले, अत्तर बघायचं का? घेतलं. एवढंच ते बोलले आणि आम्ही पण जास्त खणलं नाही.

मला वाटतं की देश, संस्थान, जे काय असेल ते परत उभं राहिलं ते असल्या उधारीवर. सरकारी भरपाई कुणाला किती मिळाली हे मला कुठं ऐकायला मिळालं नाही, पण वाण्याची उधारी ऐकायला मिळाली.

दुपारी अंबाजोगाई. तेव्हाचं मोमिनाबाद. योगेश्वरी शाळेत स्वामीजी हिप्परग्याहून आले ते इथंच रमले आणि इथूनच पूर्णवेळ चळवळीत गेले. आज त्यांच्या नावाचं मेडिकल कॉलेज इथं आहे, ग्रामीण भागासाठी काढलेलं, बीड-लातूर-परभणीचे पेशंट गाठोडी घेऊन व्हरांड्यात बसलेले असतात. गर्दी बघून मन खट्टू होतं पण हे पण लक्षात घ्या की १९४८ ला या भागात साध्या तापाला पण डॉक्टर मिळायची मारामार होती. देवीचं दर्शन लवकर झालं. अहमदपूर-लोहा करत रात्री नांदेड, रस्ता काही ठिकाणी इतका खोदलेला की दोस्तानं कुवेतच्या कंत्राटदारांची आठवण काढून शिव्या दिल्या.

सोमवार, १६ सप्टेंबर : नांदेड

सचखंड गुरुद्वारा, लंगर, मग पीपल्स कॉलेज.

हे कॉलेज १९५० चं. स्वामीजींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेलं. त्याआधी अख्ख्या मराठवाड्यात वरच्या शिक्षणाला औरंगाबादचं सरकारी इंटरमीजिएट कॉलेज, त्याच्या पुढं हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ, जिथं १९१८ पासून सगळं शिक्षण उर्दूत. १९३८ मध्ये वंदे मातरम् म्हणलं म्हणून पोरांना काढून टाकलं तेव्हा कितीतरी जण नागपूरला जाऊन शिकले, त्यातच पी. व्ही. नरसिंह राव पण होते. म्हणजे शिकायचं तर आधी भाषा ओलांडायची, मग प्रांत ओलांडायचा. विचारवंत नरहर कुरुंदकर पुढं याच पीपल्सचे प्राचार्य झाले.

आमच्या ओळखीचे एक सर आहेत, इतिहासाचे, निवृत्त. त्यांच्या घरी दुपारभर बसलो. म्हणलं सर, १८ तारखेला राज्य कुणाकडं होतं? सर म्हणले, हैदराबादला त्या दिवशी निजामाच्या फौजेच्या जनरल एल इद्रूसनं भारताच्या मेजर जनरल चौधरींपुढं शरणागती दिली, चौधरी लष्करी गव्हर्नर झाले ते १९४९ संपेपर्यंत. मग वेल्लोडी नावाचे आयसीएस मुख्यमंत्री, निवडून आलेले नव्हे, नेमलेले. लोकांनी निवडलेलं पहिलं सरकार १९५२ चं, बुर्गुल रामकृष्ण राव. म्हणजे हुकूमशाही गेली आणि लोकशाही आली यात साडेतीन वर्षांचं अंतर आहे, ते पुस्तकात एका स्वल्पविरामात उरकतात.

आणि निजाम? इथं दोस्त पेटला. कारण मीर उस्मान अलीला काहीच झालं नाही. २६ जानेवारी १९५० ला तोच राजप्रमुख, म्हणजे राज्याचा नामधारी प्रमुख, वर्षाला ५० लाखांचा तनखा, १९५६ पर्यंत पदावर. कासीम रझवी जेलात गेला, १९५७ ला सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. निजामाचा पंतप्रधान लायक अली तर १९५० ला नजरकैदेतून पळाला. दोस्त म्हणला हा काय न्याय झाला का? मग स्वतःच म्हणला, पण बगदादमध्ये काय केलं, ९ एप्रिल २००३ ला पुतळा पाडला आणि मे महिन्यात त्या अमेरिकेनं नेमलेल्या पॉल ब्रेमरनं आधी बाथ पार्टीची माणसं नोकरीतून काढली, मग अख्खी फौजच बरखास्त केली. लाखो माणसं बिनपगारी घरी, बंदुका येतात त्यांना चालवायला, मग होणार काय. "राजा पडला की दुसऱ्या दिवशी पगार कोण देणार हे पहिलं बघायचं असतंय."

सर हसले, म्हणले अर्धं बरोबर. निजामाला वर ठेवलं म्हणून त्याच्याच फर्मानानं सगळं करता आलं, सप्टेंबरातच युनोतली तक्रार त्याच्याच नावानं मागं घेतली, नोव्हेंबर १९४९ ला भारताची घटना त्याच्याच फर्मानानं मान्य झाली. कुणाला बंड करायला निमित्तच उरलं नाही. पण फौज इथं पण मोडलीच की. मुसलमान नोकरदार, शिपाई, जहागिरदारांच्या पदरची माणसं, हजारोंनी बेकार झाली. वर बाहेरून, मुंबई-मद्रासकडून अधिकारी आणले, ज्यांना ना उर्दू येई ना इथली माणसं माहीत. १९५२ ला हैदराबादेत पोरं रस्त्यावर आली ती याच रागानं, नोकऱ्या मुल्कींना, म्हणजे इथल्याच माणसांना द्या म्हणून. आणि जमिनीचे कायदे एवढ्या घाईनं का झाले? तेलंगणात कम्युनिस्टांचा सशस्त्र लढा १९५१ पर्यंत चालू होता. सरकारला भीती होती. रयतेचा कळवळा नंतरचा.

मला सरांचं हे म्हणणं जरा एकांगी वाटलं. कळवळा असलेली माणसं पण होती, गोविंदभाई श्रॉफ वगैरे मंडळींनी सत्तेच्या खुर्च्या सोडून आयुष्यभर शाळा-कॉलेजं आणि पाण्याचे प्रश्न धरले. पण सरांपुढं बोलायचं कोण. आणि चहा त्यांच्याच घरचा होता.

मंगळवार, १७ सप्टेंबर : वसमतकडचं एक गाव

मुद्दाम शहरातला मोठा कार्यक्रम सोडून वसमतकडं गेलो. हा हुतात्मा बहिर्जी शिंदे यांचा भाग, वापटीचे ते, लढता लढता गेले, वसमतचं कॉलेज त्यांच्या नावानं आहे. कुरुंदा पण इथंच, कुरुंदकरांचं गाव. झेडपीच्या शाळेत झेंडा, पोरं इस्त्रीच्या कपड्यात, सरपंचांचं भाषण, त्यात पटेलांचं नाव तीनदा चुकीच्या सालासकट. एका पोरीनं मात्र उमरीच्या बँकेची गोष्ट सांगितली, ३० जानेवारी १९४८ ला स्वातंत्र्यसैनिकांनी उमरीची बँक कशी लुटली आणि नेमकी त्याच दिवशी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. काय सुंदर सांगितली, कुणी पाठ करून दिलेलं वाटत नव्हतं.

नंतर पारावर बसलो. महिन्याच्या सुरुवातीला अतिवृष्टी झालेली, सोयाबीन पिवळं पडलेलं, हमीभाव ४८९२ आणि बाजारात त्याच्या खाली. म्हाताऱ्या माणसाला म्हणलं, बाबा, निजाम गेल्यावर काय फरक पडला? म्हणले, "साळा आली. येलदरी धरण झालं, पानी आलं, पन समद्यायला न्हाई." शेजारचा तरणा पोरगा म्हणला बॅकलॉग, बॅकलॉग, म्हणजे विकासाचा अनुशेष. हो, १९५३ चा नागपूर करार, घटनेतलं कलम ३७१(२), १९८४ ची दांडेकर समिती, १९९४ ची वैधानिक विकास मंडळं, या पोराला सगळं पाठ, एमपीएससी करतोय. १९५६ ला मराठवाडा कुठल्याही अटीविना आधी द्विभाषिक मुंबई राज्यात आणि मग महाराष्ट्रात आला याचा अभिमान पण त्याला आणि रागही त्यालाच.

त्याच दिवशी अनंत चतुर्दशी, त्यामुळं दुपारनंतर कुणाला इतिहासात रस नव्हता. ईदची मिरवणूक बऱ्याच ठिकाणी पुढं ढकललेली, गर्दी एकत्र येऊ नये म्हणून, आपापसात बोलून. हे छापून यायला पाहिजे पहिल्या पानावर, येत नाही.

बुधवार, १८ सप्टेंबर : संभाजीनगर

पहाटे निघून परभणी-जालना करत दुपारी पोचलो. आज सगळीकडं विसर्जनाचा थकवा, रस्त्यावर गुलाल आणि झोपलेली शहरं.

आधी नागसेनवन. बाबासाहेबांनी १९५० ला मिलिंद कॉलेज सुरू केलं, इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते. राज्य पडून दोन वर्षं झालेली, आणि मुंबई-पुणे सोडून त्यांनी कॉलेजसाठी मराठवाडा निवडला. १९४१ ला कसबे तडवळ्याच्या परिषदेला ते याच भागात येऊन गेले होते, महार-मांग वतनदारांची परिषद, इथली अवस्था त्यांनी बघितलेली होती. निजाम गेल्यावर इथं ज्या काही गोष्टी उभ्या राहिल्या त्यात मला हे सगळ्यात मोठं काम वाटतं, धरणापेक्षा मोठं. कुणाला पटो न पटो.

मग विद्यापीठ. २३ ऑगस्ट १९५८, नेहरूंच्या हस्ते. तोवर इथल्या पोरांचे पेपर उस्मानियाकडं. आणि याच विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्यावरून १९७८ ला गावोगाव दलितांची घरं जाळली, नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मुक्तीला तीस वर्षं झाल्यावर मुक्त झालेल्यांनीच केलेलं हे. गेटवर पोरं सेल्फी काढत होती, आम्ही पण काढला.

राहिलं मामांचं काम. जुन्या शहरात एक गृहस्थ उर्दू कागद वाचून देतात असं कळलं होतं. मागच्या वर्षी मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला शिंदे समिती बसली तेव्हापासून उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम दिवस आलेत. छोटं दुकान, पुढं बीड-जालन्याची माणसं फायली घेऊन बसलेली. प्रत्येकाचं काम एकच, पणजोबाच्या नावापुढं 'कौम' म्हणजे जातीच्या रकान्यात काय लिहिलंय तेवढं वाचा.

आमचा नंबर आल्यावर मी म्हणलं चाचा, आम्हाला कौम नको, सगळं वाचा. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "सब?" म्हणलं सगळं. "अरे यहाँ सब को एकीच खाना होना, बाकी का कागज कोई सुनताच नै," असं म्हणून ते खुर्चीत नीट बसले आणि चवीनं वाचायला लागले. साल १३५७ फसली. काश्तकाराचं म्हणजे कसणाऱ्याचं नाव, बापाचं नाव, जमीन खुश्की म्हणजे कोरडवाहू, विहीर नाही, जिन्स ज्वारी आणि करडई, सारा हाली रुपयात, एक हप्ता बाकी. दुसरा कागद १३५८ चा, फसली साल ऑक्टोबरात सुरू होतं म्हणजे पोलीस अ‍ॅक्शन झाल्यावर दोन आठवड्यांनी उघडलेला. फॉर्म तोच छापील, निजाम सरकारचा, नवीन छापायला वेळ कुठं होता. सारा तेवढाच. मागची बाकी मात्र पुढं ओढलेली, सोडलेली नाही. काश्तकाराचं नाव वेगळं. दोस्त म्हणला थांबा थांबा, नाव कसं काय वेगळं, जमीन तर तीच सर्व्हे नंबरची? चाचांनी परत बघितलं, म्हणले पहिला मुसलमान आहे, दुसरा तुमच्यातला आहे, शेरा कोरा आहे, विकल्याचं काही लिहिलेलं नाही.

मामांना फोन लावला. मामा म्हणले, ती जमीन आता आमच्या चुलत्याकडं हाय, सोयाबीन हाय तिथं, आन तू स्पीकरवर नको बोलू.

मागं बीडचा माणूस उठून उभा राहिला होता. "झालं का तुमचं? साडेपाचची एस्टी हाय माझी." चाचांनी आमच्याकडून दोन पानांचे पैसे घेतले आणि त्याची फाईल ओढली.